तीन मिनिटांची उमेदवारी

अमेरिकेतल्या आरसीए व्हिक्टर कंपनीने मार्च १९४९ मध्ये एक नवी तबकडी बाजारात आणली. व्यास सात इंच, वेग मिनिटाला ४५ फेऱ्यांचा आणि मधोमध दीड इंचाचे मोठे भोक. दुकानदाराला माल चटकन ओळखता यावा म्हणून कंपनीने संगीताच्या प्रकारानुसार तबकड्यांना रंग दिले होते. अभिजात संगीत लाल, मुलांची गाणी पिवळी, गोऱ्या ग्रामीण अमेरिकेचे ‘कंट्री’ संगीत हिरवे, सर्वसाधारण लोकप्रिय गाणी काळी. कृष्णवर्णीयांच्या गाण्यांच्या वाट्याला नारिंगीकडे झुकणारा तांबडा रंग आला. या शेवटच्या मालिकेतल्या पहिल्याच तबकडीवर आर्थर ‘बिग बॉय’ क्रुडप या गायकाचे ‘दॅट्स ऑल राइट’ हे गाणे होते.

पाच वर्षांनी, जुलै १९५४ मध्ये, मेंफिस शहरातल्या सन रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीने एकोणीस वर्षांच्या एका अनोळखी मुलाची पहिली तबकडी काढली. गाणे तेच होते. मुलाचे नाव एल्विस प्रेस्ली. त्याचे पुढे काय झाले हे जगाला ठाऊक आहे. क्रुडपचे काय झाले ते फार थोड्यांना ठाऊक असते. रॉयल्टीच्या भांडणाला कंटाळून त्याने ध्वनिमुद्रण सोडले, शेतमजुरी करून घर चालवले आणि १९७४ मध्ये तो वारला. आपल्या गाण्याचे न्याय्य पैसे त्याला हयातीत मिळाले नाहीत.

दोन तबकड्या, एक गाणे आणि दोन आयुष्ये. नव्या गायकाच्या पहिल्या तबकडीला, म्हणजे ‘सिंगल’ला, लोकप्रिय संगीताच्या इतिहासात उंबरठ्याचे स्थान आहे. तो उंबरठा कोणी बांधला, त्यावरून कोण आत गेले आणि आत गेलेल्यांना काय मिळाले, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे. माझा पोटापाण्याचा उद्योग सहकारी संस्थांचे हिशेब तपासण्याचा. संगीतशास्त्र मी कुठे शिकलो नाही. अमेरिकन सोल संगीताच्या नादी लागलो ते कानामुळे. पण त्यात तीस वर्षे टिकून राहिलो ते या गाण्यांमागच्या खतावणीमुळे. त्यामुळे हा लेख सुरांपेक्षा जमाखर्चाकडे अधिक झुकला, तर वाचकांनी तो माझ्या धंद्याचा दोष समजावा.

लाखेकडून प्लॅस्टिककडे

‘सिंगल’ म्हणजे एका वेळी विक्रीला काढलेले एक गाणे. तबकडीला बाजू दोन, म्हणून प्रत्यक्षात गाणी दोन असत. ज्यावर कंपनीची भिस्त असे ते पहिल्या बाजूला, आणि जागा भरायची म्हणून दुसरे मागच्या बाजूला. पंचेचाळीस फेऱ्यांच्या तबकडीआधी हेच काम अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी करत होती. तीन-सव्वातीन मिनिटांत गाणे बसवण्याची शिस्त तिचीच. आपल्या भावगीतालाही त्याच तबकडीने आकार दिला, त्यामुळे मराठी रसिकाला ती शिस्त वेगळी समजावून सांगायला नको.

जुनी तबकडी लाखेपासून बनत असे आणि ती लाख मुख्यतः भारतातून जाई. दुसऱ्या महायुद्धात ही वाहतूक अडचणीत आली, लाख युद्धकामासाठी हवी झाली आणि १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठीच्या लाखेवर कडक निर्बंध घातले. युद्धानंतर व्हिनाइल या प्लॅस्टिककडे जाण्याची जी घाई झाली तिच्या कारणांत हेही एक होते. कोलंबिया कंपनीने जून १९४८ मध्ये बारा इंची ‘लाँग प्ले’ आणली. आरसीएने तिला उत्तर म्हणून सात इंची छोटी तबकडी काढली. दोघींत काही काळ भांडण झाले आणि मग वाटणी झाली: मोठी तबकडी प्रौढांची आणि अभिजात संगीताची, छोटी तरुणांची आणि ताज्या गाण्यांची.

छोट्या तबकडीचे गुण साधे होते. ती हलकी होती, पडली तरी फुटत नसे आणि पाकिटात घालून टपालाने पाठवता येई. लाखेची तबकडी रेडिओ केंद्रांना पाठवायची तर ती वाटेत फुटण्याची धास्ती असे. आता एखाद्या गावातला छोटा उत्पादक शंभर तबकड्या शंभर केंद्रांना थोड्या खर्चात धाडू शकत होता. १९५० मध्ये सीबर्ग कंपनीने या तबकड्या वाजवणारा, शंभर गाण्यांतून निवड करू देणारा जूकबॉक्स आणला आणि खाणावळी, बार, केशकर्तनालये यांच्या कोपऱ्यांत नव्या गाण्याला जागा मिळाली. नाणे टाकायचे, बटण दाबायचे. तिथे अनोळखी गायकाचे गाणे आणि नामवंताचे गाणे यांची किंमत एकच होती.

दोन सेंटांचे अर्थकारण

अमेरिकेतल्या कायद्याने गीत रचणाऱ्याला प्रत्येक विकलेल्या प्रतीमागे प्रत्येक गाण्याचे दोन सेंट ठरवून दिले होते. हा दर १९०९ मध्ये ठरला आणि १९७८ पर्यंत बदलला नाही. यातली मेख मागच्या बाजूत आहे. ग्राहक पहिल्या बाजूसाठी तबकडी घेई. पण मागच्या बाजूच्या गाण्याच्या रचनाकारालाही तेच दोन सेंट मिळत. साहजिकच मागची बाजू कोणाच्या नावावर जाते याकडे कंपनीचा मालक, निर्माता आणि बँडप्रमुख यांचे बारीक लक्ष असे. तबकडीच्या कागदी चकतीवर गाण्याच्या नावाखाली कंसात जी बारीक आडनावे छापलेली असतात, ती वाचायला शिकलो तेव्हा मला हा इतिहास खऱ्या अर्थाने कळू लागला.

गाणाऱ्याचे गणित वेगळे होते. अमेरिकेत रेडिओवर गाणे वाजले की रचनाकाराला पैसे मिळतात, गायकाला मिळत नाहीत. ही स्थिती आजही कायम आहे. गायकाची मिळकत म्हणजे विक्रीवरची रॉयल्टी. एक काल्पनिक हिशेब मांडतो. समजा तबकडीची किंमत एक डॉलर आणि गायकाचा वाटा तीन टक्के. दहा हजार प्रती खपल्या तर गायकाच्या खात्यावर तीनशे डॉलर जमा. पण स्टुडिओचे भाडे, वादकांची मजुरी आणि हातात दिलेली थोडी रोकड ही सगळी रक्कम कंपनी ‘उचल’ म्हणून आधीच गायकाच्या नावे टाकून बसलेली असते. ती सहाशे डॉलर असेल, तर दहा हजार तबकड्या विकूनही गायक कंपनीचे तीनशे डॉलर देणे लागतो. मग दुसरी तबकडी काढायची आणि त्या खर्चाची नवी उचल जुनीत मिळवायची. ऊसतोडीच्या मुकादमाची वही ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे गणित नवे वाटणार नाही. एका हंगामाची फिटेपर्यंत पुढच्या हंगामाची उचल चढते.

छोट्या कंपनीचेही हाल असत. तबकड्या छापणारा कारखाना रोख मागे, तर वितरक माल विकून दोन-दोन, तीन-तीन महिने पैसे देत नसे. एखादे गाणे अचानक उचलले गेले तर लाखभर तबकड्या छापायला भांडवल आणायचे कुठून? पहिल्या मोठ्या यशानेच छोट्या कंपन्या बुडाल्या, हा या धंद्यातला नेहमीचा अनुभव. म्हणून अनेक जण गाजू लागलेली तबकडी एखाद्या मोठ्या कंपनीला वितरणासाठी देऊन टाकत आणि नफ्याचा मोठा हिस्साही त्याबरोबर देत.

डिट्रॉइट : आठशे डॉलरचे कर्ज

या पार्श्वभूमीवर बेरी गॉर्डीची गोष्ट पाहिली पाहिजे. डिट्रॉइटमध्ये त्याने जॅझच्या तबकड्यांचे दुकान काढले, ते बुडाले. मग मोटारीच्या कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर नोकरी केली. जॅकी विल्सन या गायकासाठी सहकाऱ्यांबरोबर गाणी लिहिली, ती गाजली. पण हातात फारसे पडले नाही. स्मोकी रॉबिन्सन या तरुणाच्या ‘मिरॅकल्स’ गटाचे पहिले सिंगल १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कंपनीमार्फत निघाले, तेव्हा हिशेबापोटी तीन डॉलर एकोणीस सेंटांचा धनादेश आला, असे दोघेही पुढे सांगत. यापेक्षा वाईट तर आपण करणार नाही, स्वतःचीच कंपनी काढ, असे रॉबिन्सनने गॉर्डीला सुचवले.

गॉर्डी कुटुंबात सगळ्यांनी मिळून चालवलेला एक बचत फंड होता. आपल्याकडच्या भिशीचा आणि पतपेढीचा तो भाऊबंद. जानेवारी १९५९ मध्ये त्या फंडातून बेरीला आठशे डॉलर कर्ज मिळाले. त्यातून ‘टॅम्ला’ या नावाने पहिले सिंगल निघाले: मार्व्ह जॉन्सनचे ‘कम टू मी’. डिट्रॉइटमध्ये ते चालू लागले, पण देशभर पोहोचवण्याची ऐपत नव्हती. म्हणून ते युनायटेड आर्टिस्ट्सकडे द्यावे लागले. त्याच वर्षी गॉर्डीने वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचे २६४८ क्रमांकाचे घर घेतले. आधीच्या मालकाचा छायाचित्रणाचा स्टुडिओ मागच्या गॅरेजमध्ये होता, तिथे ध्वनिमुद्रण सुरू झाले. हेच पुढचे मोटाउन.

१९६० च्या शरद ऋतूत मिरॅकल्सचे ‘शॉप अराउंड’ निघाले. तबकडी दुकानांत गेली होती, तरी गॉर्डीला तिची चाल मंद वाटत राहिली. त्याने पहाटे तीन वाजता रॉबिन्सनला फोन करून सगळ्यांना बोलावले. पियानोवादक आला नाही, म्हणून स्वतः पियानोवर बसला आणि गाणे जलद लयीत पुन्हा मुद्रित केले. ती दुसरी प्रत दहा लाखांवर खपली. दुकानात गेलेला माल परत घेऊन बदलण्याची हिंमत सिंगलच्या धंद्यातच शक्य होती. मोठ्या तबकडीत अडकलेले भांडवल असे उलटवता आले नसते.

पुढे गॉर्डीने याची पद्धतच केली. दर शुक्रवारी सकाळी बैठक होई. आठवड्यातली नवी ध्वनिमुद्रणे ऐकून मतदान घेतले जाई. प्रश्न असा विचारला जाई की खिशात शेवटचा डॉलर असेल तर ही तबकडी घ्याल की सँडविच? मिश्रण करताना गाणे मोटारीत असतो तसल्या छोट्या स्पीकरवर वाजवून पाहत, कारण गिऱ्हाईक ते तिथेच ऐकणार होते.

या चाळणीतून कोण आत आले? डिट्रॉइटजवळच्या इंकस्टर गावातल्या शाळकरी मुली. शाळेतल्या स्पर्धेत त्या पहिल्या तिनांत नव्हत्या, तरी एका शिक्षिकेच्या आग्रहाने त्यांना मोटाउनमध्ये गाऊन दाखवण्याची संधी मिळाली. स्वतःचे गाणे घेऊन या, असे त्यांना सांगण्यात आले. जॉर्जिया डॉबिन्स या मुलीने एका ओळखीच्या गीतकाराच्या कच्च्या गाण्यावर काम करून ‘प्लीज मिस्टर पोस्टमन’ उभे केले. मात्र घरून वडिलांची परवानगी नाही, म्हणून ध्वनिमुद्रणाआधीच तिला गट सोडावा लागला. गाण्याला शेवटचा हात देणाऱ्यांत फ्रेडी गॉर्मन होता, तो व्यवसायाने खरोखरच पोस्टमन. ड्रमवर मार्व्हिन गे होता, तोही तेव्हा नवखाच. डिसेंबर १९६१ मध्ये मार्व्हलेट्सचे हे पहिलेच सिंगल ‘बिलबोर्ड’च्या मुख्य यादीत अव्वल आले. मोटाउनचा तो पहिला असा मान.

पण प्रत्येकाची उमेदवारी इतकी छोटी नव्हती. सुप्रीम्स या गटाशी करार झाला १९६१ च्या आरंभी. त्यानंतर त्यांची एकामागून एक सिंगल्स आली आणि विरून गेली. स्टुडिओत त्यांना ‘बिनहिटच्या सुप्रीम्स’ म्हणून चिडवत. ‘व्हेअर डिड अवर लव्ह गो’ने १९६४ मध्ये नशीब उघडले. अपयशी सिंगलचा खर्च थोडा, म्हणूनच कंपनी तीन वर्षे थांबू शकली. मला सिंगलचा हा सर्वांत मोठा गुण वाटतो: चुकणे स्वस्त होते. नव्या कलावंताला शिकायला जी मुदत लागते ती या स्वस्ताईने दिली.

मेंफिस : पॉपकॉर्नच्या ठेल्यातले दुकान

मेंफिसमध्ये जिम स्टुअर्ट या बँक कर्मचाऱ्याने सॅटेलाइट नावाची छोटी कंपनी काढली होती. त्याची थोरली बहीण एस्टेल ॲक्स्टन, तीही बँकेत नोकरीला. तिने घर गहाण ठेवून ध्वनिमुद्रणाच्या यंत्रासाठी पैसे उभे केले. १९६० मध्ये दोघांनी मॅकलेमोर ॲव्हेन्यूवरचे बंद पडलेले कॅपिटल चित्रपटगृह भाड्याने घेतले. पडद्याच्या भागात स्टुडिओ आणि जिथे पूर्वी खाऊ व पॉपकॉर्न विकत तिथे एस्टेलचे तबकड्यांचे दुकान. स्टुअर्ट आणि ॲक्स्टन या आडनावांच्या आद्याक्षरांतून १९६१ मध्ये ‘स्टॅक्स’ हे नाव झाले.

या दुकानाला मी स्टॅक्सची प्रयोगशाळा म्हणेन. मोटाउनमध्ये मतदान बंद खोलीत होई, इथे गल्ल्यावर होई. शेजारच्या कृष्णवर्णीय वस्तीतली मुले दुकानात येत, तबकड्या ऐकत, नाचून पाहत. कोणती तबकडी का घेतली, कोणती का ठेवली, हे एस्टेल विचारून घेई. नुकतेच मुद्रित झालेले गाणे आतून आणून त्यांना ऐकवी. त्या मुलांपैकीच काही पुढे आत जाऊन वाजवू-गाऊ लागली. शाळकरी बुकर टी. जोन्स त्यांतलाच एक.

१९६२ च्या उन्हाळ्यात दुसऱ्याच कोणाच्या ध्वनिमुद्रणासाठी जमलेल्या वादकांचा वेळ मोकळा होता, तेव्हा त्यांनी स्वतःसाठी काही वाजवले. ‘बिहेव्ह युवरसेल्फ’ ही पहिली बाजू ठरली. मागच्या बाजूला काहीतरी हवे म्हणून सतरा वर्षांच्या बुकर टी.ने ऑर्गनवर एक आकृती धरली. तेच ‘ग्रीन अनियन्स’. गिटारवादक स्टीव्ह क्रॉपरने त्याची प्रत स्थानिक रेडिओ केंद्रावर नेली, ती वाजताच फोन सुरू झाले आणि बाजू उलटी करून तबकडी पुन्हा काढावी लागली. वर्णभेदाच्या नियमांनी बांधलेल्या त्या शहरात काळे आणि गोरे वादक एकत्र बसून वाजवत होते, हे ऐकणाऱ्याला दिसत नव्हते. तबकडीला चेहरा नसतो, हा कधी अन्याय ठरला, कधी आडोसा.

त्याच ऑगस्टमध्ये जॉर्जिया राज्यातल्या मेकन गावाहून जॉनी जेन्किन्स हा गिटारवादक ध्वनिमुद्रणासाठी आला. त्याची मोटार चालवत आलेला तरुण दिवसभर बसून होता. जेन्किन्सचे काम काही जमले नाही. उरलेल्या थोड्या वेळात त्या तरुणाला गाऊ दिले गेले. तो ओटिस रेडिंग. त्याचे ‘दीज आर्म्स ऑफ माइन’ त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये निघाले, तेही आधी मागच्या बाजूचे गाणे म्हणून. पुढे पाच वर्षांत तो सोल संगीताचा सर्वांत मोठा आवाज झाला. डिसेंबर १९६७ मध्ये विमान अपघातात तो गेला, तेव्हा अवघा सव्वीस वर्षांचा होता.

यादी गायब होते

नवे गाणे चालले की नाही हे ठरवणारी यादी अमेरिकेत मुख्यतः ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकाची. कृष्णवर्णीयांच्या गाण्यांच्या यादीला ते ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणत. जून १९४९ मध्ये ते नाव जाऊन ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ आले. ऑगस्ट १९५८ मध्ये सगळ्या लोकप्रिय गाण्यांची ‘हॉट हंड्रेड’ ही यादी सुरू झाली. मुख्य यादीत जाण्याआधी नवा कृष्णवर्णीय गायक आपल्या श्रोत्यांच्या यादीत वर चढे. तीच त्याची शिडी.

नोव्हेंबर १९६३ मध्ये बिलबोर्डने ही स्वतंत्र यादी छापणे बंद केले. ती परतली थेट जानेवारी १९६५ मध्ये. कारण बाहेरून पुरोगामी दिसते: दोन्ही याद्यांत तीच ती गाणी येऊ लागली होती, मग वेगळी यादी कशाला? पण त्याच चौदा महिन्यांत बीटल्स अमेरिकेत आले. एप्रिल १९६४ मध्ये हॉट हंड्रेडची पहिली पाचही स्थाने त्यांच्याकडे होती. गोऱ्या तरुणांची आवड मुख्य यादी व्यापत असताना, काळ्या वस्त्यांतल्या दुकानांत कोणता नवा गायक चालतो आहे हे मोजणारे बिलबोर्डचे माप नेमके जागेवर नव्हते. ‘कॅश बॉक्स’ या प्रतिस्पर्धी साप्ताहिकाने आपली यादी चालू ठेवली, म्हणून आज आपल्याला त्या काळाचा काही माग लागतो. हिशेबाच्या धंद्यातला माणूस म्हणून मला हे प्रकरण फार महत्त्वाचे वाटते. दोन खाती एकत्र केली की बेरीज बरोबर येते. छोट्या खात्यात काय चालले होते ते मात्र पुसले जाते.

नाव, नंतर खोडलेले

मोटाउनच्या अगदी आरंभी, १९५९ मध्ये, बॅरेट स्ट्राँग या अठरा वर्षांच्या मुलाने ‘मनी’ हे गाणे गायले. त्या घराण्याचे ते पहिले मोठे यश. पियानोही त्याचाच. गाण्यावर रचनाकार म्हणून नावे आली बेरी गॉर्डी आणि जेनी ब्रॅडफर्ड यांची. आपणही ते रचले, हे स्ट्राँगचे म्हणणे. २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने कॉपीराइट कार्यालयातले दप्तर तपासून लिहिले, की मूळ नोंदीत त्याचे नाव होते, तीन वर्षांनी ते काढले गेले, १९८७ मध्ये नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा आले आणि वर्षभरात पुन्हा खोडले गेले. मूळ नोंद ही कारकुनी चूक होती, अशी गॉर्डीच्या बाजूची भूमिका राहिली. दरम्यान १९६३ मध्ये बीटल्सने ते गाणे आपल्या दुसऱ्या मोठ्या तबकडीत घेतले होते. म्हणजे त्या एका ओळीतल्या नावाला किती पैसा चिकटला होता, याची कल्पना करावी. स्ट्राँग २०२३ मध्ये गेला. मधल्या काळात नॉर्मन व्हिटफील्डबरोबर त्याने मोटाउनची काही थोर गाणी लिहिली, त्यांवर त्याचे नाव आहे. पहिल्या गाण्यावर मात्र नाही.

रूथ ब्राउनचे उदाहरण उचलीचे. मोटारीच्या अपघातात पाय मोडून रुग्णालयात पडलेली असताना जानेवारी १९४९ मध्ये तिने अटलांटिक कंपनीच्या करारावर सही केली. पन्नासच्या दशकात तिच्या सिंगल्सवर कंपनी इतकी वाढली की तिला ‘रूथने बांधलेले घर’ म्हणत. साठच्या दशकात तीच रूथ धुणीभांडी करत होती, शाळेची बस चालवत होती. कंपनीच्या वहीत तिच्या नावावर देणे उभे होते. ऐंशीच्या दशकात एका वकिलाच्या मदतीने तिने लढा दिला. शेवटी अटलांटिकने जुन्या कलावंतांची अशी देणी सोडून दिली, रॉयल्टी नव्याने सुरू केली आणि १९८८ मध्ये तिच्या आर्थिक साहाय्याने ऱ्हिदम अँड ब्लूज फाउंडेशन उभे राहिले.

मालकांचीही फसगत झाली. स्टॅक्सच्या तबकड्या अटलांटिक देशभर वितरित करत असे. आरंभी सगळा विश्वासाचा मामला होता. १९६५ मध्ये कागद झाला. जिम स्टुअर्टने तो नीट न वाचता सही केली. १९६८ मध्ये दोन्ही कंपन्या वेगळ्या होताना कळले, की वितरित झालेल्या सगळ्या ध्वनिमुद्रणांची मालकी त्या कागदाने अटलांटिककडे गेली आहे. ओटिस रेडिंगचा सारा वारसा त्यात होता.

गॉर्डीने मात्र कागदाचे मोल आरंभापासून ओळखले होते. गायकाचा करार त्याच्या कंपनीशी, गाण्यांचे हक्क त्याच्याच ‘जोबेटी’ या प्रकाशन कंपनीकडे आणि गायकाचे व्यवस्थापनही त्याच्याच दुसऱ्या संस्थेकडे. सहकारी संस्थेत कर्जदार, कर्ज मंजूर करणारा आणि तपासनीस एकाच घरातले निघाले, तर मला शेरा मारावाच लागतो. काळ्या माणसाने उभारलेली, काळ्या तरुणांना दार उघडणारी ही कंपनी अमेरिकेच्या इतिहासात थोरच आहे, आणि तिच्या वहीवर हा शेराही आहे. एक दुसरा खोडत नाही. तिथल्या वादकांची नावे तर १९७१ च्या मार्व्हिन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’पर्यंत तबकडीवर छापलीच गेली नाहीत. सुप्रीम्सच्या तिघींपैकी फ्लोरेन्स बॅलर्ड १९७६ मध्ये बत्तिसाव्या वर्षी हलाखीत वारली.

शुक्रवार पुन्हा

लाँग प्ले, कॅसेट आणि सीडी यांच्या काळात सिंगल दुय्यम झाले. इंटरनेटवरून गाणे ऐकायची सोय आली आणि सिंगल पुन्हा राजा झाले. जुलै २०१५ पासून जगभर नवी गाणी शुक्रवारी प्रकाशित होतात. पॉप आणि सोलमधले नवोदित गायक आज दीड-दोन महिन्यांनी एकेक गाणे सोडत राहतात. चुकणे पुन्हा स्वस्त झाले आहे, किंबहुना इतके स्वस्त, की २०२३ मध्ये रोज सरासरी एक लाख नवी ध्वनिमुद्रणे या सेवांवर चढत होती. दार उघडे आहे. अंगणात मात्र पाय ठेवायला जागा नाही.

मापेही नवी आहेत. स्पॉटिफाय या सेवेवर गाणे तीस सेकंद ऐकले गेले तरच ते मोजले जाते. म्हणून प्रस्तावनेचे संगीत आखडले. २०२४ पासून वर्षभरात हजार वेळा ऐकले न गेलेल्या ध्वनिमुद्रणाला तिथे रॉयल्टी मिळत नाही. १९६३ मध्ये गायब झालेल्या यादीची इथे आठवण होते. छोटे खाते पुन्हा शून्यावर लिहिले जात आहे.

आणि कागद? लंडनच्या रे या गायिकेने २०१४ मध्ये, शाळकरी वयात, पॉलिडोर कंपनीशी चार मोठ्या ध्वनिमुद्रिकांचा करार केला. सिंगल्स निघत राहिली, इतरांसाठी गाणी लिहून झाली. स्वतःची पूर्ण ध्वनिमुद्रिका काही निघेना. जून २०२१ मध्ये तिने हे जाहीरपणे लिहिले आणि काही दिवसांत दोघांचा करार संपला. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिने स्वतंत्रपणे ‘एस्केपिझम’ हे सिंगल काढले. सव्वाचार मिनिटांच्या पुढचे, आजच्या मापाने लांबच. जानेवारी २०२३ मध्ये ते ब्रिटनमध्ये अव्वल आले. मार्च २०२४ मध्ये तिला एकाच वर्षी सहा ब्रिट पुरस्कार मिळाले, आजवरचा उच्चांक. त्यांतला एक होता ‘नवोदित कलावंत’ म्हणून. करारावरच्या सहीनंतर दहाव्या वर्षी.

क्रुडपपासून रेपर्यंतची ही पाऊण शतकाची वही चाळल्यावर एक गोष्ट मला पक्की दिसते. सिंगलने दार उघडण्याचे काम इमानाने केले. मोटारचालकाला, शाळकरी मुलींना, जुळणी कामगाराला त्याने आत घेतले. आत गेल्यावर बसायला पाट कोणाला मिळतो हे मात्र गाण्याने कधी ठरवले नाही. ते कागदाने ठरवले. रे सुटली ती आवाज मोठा म्हणून नव्हे, ध्वनिमुद्रणाची मालकी तिने स्वतःकडे ठेवली म्हणून. डिट्रॉइटमधला बेरी गॉर्डी हे १९५९ मध्येच ओळखून होता. त्याच्या दारातून आत आलेल्यांना ते कळायला अनेकदा आयुष्य लागले.

आज एखादा तरुण गायक आपले पहिले गाणे प्रकाशित करतो तेव्हा भोवतालचे लोक त्याला विचारतात, किती जणांनी ऐकले? माझ्यासारखा हिशेबनीस विचारील, रचनाकार म्हणून कोणाकोणाची नावे नोंदवली आहेत, आणि मूळ ध्वनिमुद्रणाचा मालक कोण? हा प्रश्न रुक्ष आहे, हे मान्य. बॅरेट स्ट्राँगला तो अठराव्या वर्षी कोणी विचारला असता, तर बरे झाले असते.